आयटिंडचे सहा दिवस आणि त्याआधीचे दहा महिने

२०२४ च्या जानेवारीत लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका मित्राकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घर इथल्या बऱ्याच घरांसारखं, संडास एकच आणि तोही वरच्या मजल्यावर. तीन तासांत मी चार वेळा जिना चढलो. चौथ्या वेळी आत उभा असताना बाहेरून कुणीतरी दार वाजवलं आणि होती नव्हती ती धारही थांबली. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो आणि पाणी सोडून बाहेर आलो. दाराशी मित्राचा सात वर्षांचा मुलगा पाय आवळून उभा होता.

गाडीत बसल्यावर बायकोला पहिल्यांदा सांगितलं की मला लघवीचा त्रास होतोय. ती म्हणाली, "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. रात्री किती वेळा उठता ते मी मोजते. काल पाच वेळा उठलात."

मी मूळचा सांगलीचा, वय ५८. बावीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढणं म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं, कारण आमच्या अण्णांना तेच होतं. शेवटच्या वर्षी पाच महिने त्यांना लघवीची नळी होती. पिशवी खुर्चीच्या पायाला बांधलेली आणि तिच्यावर पंचा टाकलेला असायचा. कुणी आलं की अण्णा आधी तो पंचा सारखा करायचे. घरात त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. दादा नाही, मी नाही, आईसुद्धा नाही. म्हणून हे सगळं, प्रोस्टेटमध्ये काही दिवस ठेवून काढून घेतात त्या आयटिंड नावाच्या उपकरणापर्यंतचं, तारखांसकट लिहून ठेवतोय.

६ फेब्रुवारीला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. आमच्या इथे सकाळी आठला फोनची रांग लागते. आठला दोन मिनिटं कमी असताना फोन लावला तर नंबर लागण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांनी एक छापील प्रश्नावली दिली. तिला आयपीएसएस म्हणतात. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. माझे २३ आले. खाली एक आठवा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? त्याचे गुण वेगळे धरतात. सात प्रश्न भराभर लिहिले, त्या आठव्यापाशी मात्र पेन थांबलं.

लघवी तपासली, मूत्रपिंडांसाठी आणि पीएसए या प्रोस्टेटच्या चाचणीसाठी रक्त घेतलं. पीएसएआधी दोन दिवस सायकल चालवू नका, संभोग टाळा, असं नर्सने सांगितलं. दोन्हीमुळे आकडा वाढू शकतो. माझा २.८ आला, वयाच्या मानाने ठीक. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपली. त्याची मला फार धास्ती होती. अर्ध्या मिनिटात झालं.

गोळी सुरू झाली: टॅमसुलोसिन, ४०० मायक्रोग्रॅम, दिवसातून एक. साठीनंतर इथे औषधं फुकट मिळतात, माझी साठी दोन वर्षं लांब. तेव्हा एका औषधाला ९ पौंड ६५ पेन्स पडायचे. वर्षभर दरमहा गोळी घ्यायची असेल तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट (वर्षाच्या औषधांचे पैसे एकदम भरायचा पास) काढून ठेवावं, मला ते १११ पौंड ६० पेन्सला पडलं. नुसत्या त्या गोळीपुरती बचत चार पौंडांची, पण पुढे अँटिबायोटिक वगैरे आली ती सगळी त्यातच बसली.

गोळीने धार थोडी सुधारली, गुण २३ वरून १८ वर आले. पण पलंगावरून झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि वीर्य बाहेर येणं जवळजवळ बंद झालं. या गोळीने असं होऊ शकतं हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं. मूल होण्याचा प्रश्न आता नाही. तरी आपल्या शरीराचं काहीतरी हरवलंय असं वाटायचं, आणि हे बोलायचं कुणाशी, ते कळत नव्हतं.

रोजचा प्रवास रेल्वेने, स्लाउ ते लंडनचं पॅडिंग्टन. एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांमध्ये शौचालय नाही. मी वर्षभर तीच गाडी पकडत होतो आणि अर्ध्या वाटेत उतरून स्टेशनवर धावत होतो. शेवटी ग्रेट वेस्टर्नच्या जलद गाडीने जायला लागलो. तिच्यात शौचालय असतं, आणि वेळही निम्मा लागतो. हा त्रास असलेल्या माणसाच्या डोक्यात शहराचा वेगळाच नकाशा तयार होतो: कुठल्या दुकानात आत सोडतात, कुठल्या स्टेशनवरचं बंद असतं.

एप्रिलमध्ये सर्दी झाली. दुकानातून नाक मोकळं करणारी साधी गोळी आणली. दुपारी दोन घेतल्या आणि संध्याकाळी सहापासून लघवीच होईना. पोट टम्म, घाम फुटलेला, बसवेना, उभं राहवेना. बायकोने १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी तातडीच्या विभागात जायला सांगितलं, आणि निघेपर्यंत गरम पाण्याच्या टबमध्ये बसून बघा म्हणाले. टबातच थेंब थेंब सुरू झाली, रात्री साडेदहाला. त्या साडेचार तासांत मला सारखी अण्णांची खुर्ची दिसत होती. स्यूडोएफेड्रिनसारखं औषध असलेली सर्दीची गोळी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळीसोबतच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं, आणि तेही मी वाचलं नव्हतं.

२२ एप्रिलला जीपीने युरॉलॉजीला, म्हणजे रुग्णालयातल्या मूत्रविकार विभागाला चिठ्ठी दिली. मग थांबणं. चिठ्ठीपासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवडे हे इथलं ठरलेलं उद्दिष्ट आहे. मला नुसती पहिली भेट मिळायला १६ लागले, १२ ऑगस्ट.

तिथे एका यंत्राच्या फनेलमध्ये लघवी करायची असते, युरोफ्लो. किमान १५० मिली झाली तरच मापन धरतात. मी अर्धा लिटर पाणी पिऊन, दाबून धरून गेलो होतो. ते बरोबर केलं, माझ्यापुढचे गृहस्थ रिकाम्या मूत्राशयाने आले आणि त्यांना दोन तास बसावं लागलं. माझा सर्वाधिक वेग सेकंदाला ७.८ मिली. १५ च्या वर असता तर चांगला, १० च्या खाली म्हणजे अडथळ्याची शंका. नंतरच्या स्कॅनमध्ये ११० मिली आतच राहिलेली दिसली. प्रोस्टेट ४२ मिली. तरुणपणी ती साधारण २० ते २५ मिली असते.

पुढची तपासणी सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहणं. तारीख ५ सप्टेंबर. पत्र घरी आलं ७ सप्टेंबरला. फोन केला तर "तुम्ही आला नाहीत" अशी नोंद झाली होती, आणि न येणाऱ्याला परत जीपीकडे पाठवायची पद्धत. मी पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो पाठवला, तेव्हा १९ सप्टेंबर मिळाली. तेव्हापासून रोज सकाळी एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) अॅप उघडून बघतो, पत्राआधी तारीख तिथे दिसते. पाकिटं टाकून देऊ नका.

सिस्टोस्कोपीचं भय वाटत असेल तर एवढंच सांगतो: भूल देणारी जेल आत सोडतात, ती सोडतानाच जास्त चुरचुरते. नर्सने "पायाची बोटं हलवत राहा" म्हटलं, तेवढ्याने लक्ष वळलं. समोरच्या पडद्यावर सर्जनबाईंनी मला माझीच प्रोस्टेट दाखवली. दोन्हीकडून दोन गुलाबी उशा दाबून बसल्यासारख्या, मध्ये एक फट. मधला खंड मूत्राशयात वर आलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते का महत्त्वाचं, ते पुढे कळलं.

मग त्या खुर्ची ओढून बसल्या. टीयूआरपी म्हणजे आतून खरवडून काढणं, सर्वांत जुनं आणि खात्रीचं, पण त्यानंतर बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं. होलेप म्हणजे लेसरने, मोठ्या प्रोस्टेटलाही चालतं, तिथेही तेच. रेझूममध्ये पाण्याची वाफ, त्यानंतर काही दिवस नळी. युरोलिफ्टमध्ये टाचण्या घालून दोन्ही बाजू मागे ओढून बांधतात, त्या टाचण्या कायम राहतात. आणि आयटिंड. "तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नळी नको. क्षणभर थांबून म्हणालो, आणि गोळीने जे गेलं ते परत यावं. हे वाक्य मी आयुष्यात कुणासमोर मोठ्याने बोललो नव्हतो. त्यांनी ते लिहून घेतलं, बस्स.

आयटिंडला स्टेंट म्हणावं की नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. हृदयाचा स्टेंट आपल्याला माहीत असतो: वाट उघडी धरायची आणि तिथेच राहायचं. प्रोस्टेटमध्येही तसे स्टेंट १९८० पासून आहेत, जर्मनीतल्या फाबियान या डॉक्टरांनी पहिली स्टीलची गुंडाळी बसवली. पुढे मेमोकाथ आला, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. गरम पाणी सोडलं की खालचं टोक फुलून बसतं, आणि काढताना गार पाणी सोडलं की तार मऊ पडून उलगडत बाहेर येते. हे स्टेंट मुख्यतः ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांसाठी. अडचण अशी, की लघवीत सतत बुडालेल्या धातूवर क्षार साचतात, जंतुसंसर्ग होतो, कधी तो जागचा सरकतो.

आयटिंडही त्याच धातूचा, नायटिनॉलचा. पण तो वाट धरून ठेवायला नसतो. तीन तारांची कळी मिटवून आत नेतात, मूत्राशयाच्या तोंडाशी ती उमलते आणि घड्याळातल्या १२, ५ आणि ७ या आकड्यांच्या जागी दाब देत राहते. त्या दाबाने तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि तीन चरे पडतात. पाच ते सात दिवसांनी कळी काढून घेतात. खरा उपयोग ती निघाल्यावर. आत काही उरत नाही, कापत नाहीत, भाजत नाहीत. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. मात्र प्रोस्टेट साधारण २५ ते ७५ मिलीच्या दरम्यान हवी आणि मधला खंड आडवा येत नसावा. टीयूआरपीइतका फरक पडत नाही, आणि काहींना काही वर्षांनी पुन्हा दुसरं काही करावं लागतं. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, आणि तेव्हाच माझं ठरलं. सगळ्या रुग्णालयांत हे करत नाहीत. आमच्या इथे होतं, हे नशीब.

१० ऑक्टोबरला शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी. नर्सने विचारलं, निकेलची अॅलर्जी? मला ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, "खोट्या धातूच्या पट्ट्याचं घड्याळ तुम्ही वर्षानुवर्षं घालताय, कधी पुरळ नाही." नर्सने तेच लिहून घेतलं. तारीख मिळाली ३० ऑक्टोबर, ऐन दिवाळीत. पण लघवीच्या तपासणीत जंतू निघाले आणि तारीख तीन आठवडे पुढे गेली. नायट्रोफ्युरँटॉइन सात दिवस घेतलं (लघवी गडद तपकिरी होते, घाबरू नका). तेव्हा खूप चिडलो होतो. नंतर लक्षात आलं की संसर्ग असताना ते आत घालणं धोक्याचं होतं. दिवाळी घरी झाली, चकल्या खाल्ल्या.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळी साडेसातला हजर, रात्री बारानंतर अन्न बंद. थोडा वेळ झोपवलं, प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं. जाग आली तेव्हा शिश्नाच्या टोकातून एक बारीक दोरा बाहेर आलेला होता. काढताना तोच उपयोगी पडतो, म्हणून त्याला ओढायचं नाही, कापायचं नाही. लघवी करून दाखवल्याशिवाय घरी सोडत नाहीत. पहिली लघवी म्हणजे मिरचीची धुरी, आणि रंग कोकम सरबताचा. स्कॅनमध्ये १३० मिली उरली, तेवढी चालते म्हणाले. दुपारी तीनला घरी. चोवीस तास घरात कुणीतरी हवं आणि गाडी चालवायची नाही. पार्किंगचे ८ पौंड, उपचाराचं बिल नाही.

माहितीपत्रकात "काही प्रमाणात अस्वस्थता" असे शब्द होते. त्याचा अर्थ मला सविस्तर सांगावासा वाटतो.

पहिली रात्र बरी गेली, भुलेचा अंमल असावा. गुरुवारी सकाळपासून सतत लघवी लागल्याची भावना, झाली तरी लागलेलीच. आतला धातू मूत्राशयाच्या तोंडाला टोचतो, आणि मूत्राशयाला वाटतं आपण भरलोय. खुर्चीत बसलं की बैठकीच्या मधोमध, वृषण आणि गुदद्वाराच्या मध्ये, गोटीवर बसल्यासारखं दुखतं. मऊ उशी मधून दुमडून घेतली तर जरा बरं. उभं राहून लघवी करणं सोडून दिलं, बसूनच करायचो. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन आलटून पालटून, दुखायला लागायच्या आधी. चहा बंद, अगदी सकाळचासुद्धा. एकदा अर्धा कप घेतला आणि पुढचा तास संडासातच गेला. रात्री दुधातून इसबगोल, कारण कुंथताना रक्त येतं. पुरुषांसाठीचे पॅड आधीच आणून ठेवा. मला लाज वाटून मी आणले नव्हते. गुरुवारी रात्री बायको जाऊन घेऊन आली, नऊ पौंडांचे.

शुक्रवारची रात्र सगळ्यात वाईट. दर चाळीस मिनिटांनी उठत होतो. अडीचच्या सुमारास एक गुठळी पडली आणि धार बंद झाली. दहा मिनिटं. मला वाटलं, संपलं, आता नळी. मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची नर्स शांतपणे म्हणाली, ताप आहे का? ३८ च्या वर गेला तर लगेच या. नाहीतर दोन पेले पाणी प्या, चालत राहा, तासाभरात झाली नाही तर या. पुढचा दिवाणखाना ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते दिवाणखाना, मी फेऱ्या घालत होतो आणि बायको जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याशी बोलत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी मोकळी झाली. आम्ही दोघंही तिथेच पायरीवर बसून राहिलो.

शनिवारी सकाळी दादाचा सांगलीहून फोन आला. एरवी "बरा आहे" म्हणून मी ठेवून दिला असता. पण रात्रभर जागलो होतो, लपवायला जोर नव्हता. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अरे, मी सहा वर्षं तीच गोळी खातोय. तुझ्या वहिनीला रक्तदाबाची म्हणून सांगितलंय."

रविवारपासून उतार पडला. सोमवारी लघवीचा रंग फिका झाला. एकाच वेळी दीडशे मिली झाली. मी मोजायचं भांडं ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा, आपली प्रगती आकड्यांत दिसते तेव्हा धीर येतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. काढण्यासाठी झोपवत नाहीत, नुसती जेल. ती सोडल्यावर पुरता वेळ थांबा असं मी सांगितलं आणि दहा मिनिटं थांबायला लावलं. टोक कापलेली एक नळी दोऱ्यावरून आत सरकवतात, दोरा ओढून कळी त्या नळीत मिटवतात आणि दोन्ही एकत्र बाहेर. दीड मिनिट. ते दीड मिनिट खरोखर दुखलं, मी ओरडलो. आणि मग त्या सततच्या टोचणीची जागा एकदम रिकामी झाली. ट्रेमध्ये ती वस्तू पडली होती, करंगळीएवढी, रक्ताने माखलेली, तीन पाकळ्यांची. लघवी करून दाखवली. धार भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आजारपणाच्या रजेचं: इथे सात दिवसांपर्यंत डॉक्टरांचा कागद लागत नाही, स्वतःच फॉर्म भरायचा. बुधवार ते मंगळवार माझे बरोबर सात झाले. पुढचे दोन आठवडे घरून काम केलं, तेवढी परवानगी आधीच मागून ठेवली होती. जळजळ साधारण दहा दिवस राहिली. चार आठवड्यांनी सर्जनबाईंच्या सांगण्यावरून टॅमसुलोसिन बंद केलं. उठताना अंधारी येणं थांबलं, आणि जे गेलं होतं तेही परत आलं.

२७ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा युरोफ्लो. वेग १४.२, आत उरलेली ३५ मिली, आयपीएसएसचे गुण ९. आठव्या प्रश्नापाशी यावेळी थांबलो नाही. आता जुलै चालू आहे. रात्री एकदा उठतो, जेवणानंतर ताक जास्त झालं तर दोनदा. पाच वर्षांनी काय होईल, ते तेव्हा बघू.

ती प्रश्नावली मी मराठीत हाताने लिहून काढली, फोटो काढला आणि दादाला पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका रात्री नुसता आकडा आला: २१. खाली वहिनीचा निरोप, "भाऊजी, गुरुवारी मिरजेला दाखवायला नेतेय. लघवी दाबून धरून जायचं ना?"